उस्तादांचा वळसा आणि धप्पाचं पडणं

उभं राहण्याचा पगार धप्पाला कुणी कधी दिला नाही. त्याची नोकरीच पडण्याची होती.

लष्कराच्या त्या प्रशिक्षण केंद्रात जवानांना हातघाईची लढाई शिकवत. बंदूक अडकली, गोळ्या संपल्या, शत्रू हाताच्या अंतरावर येऊन ठेपला, तर काय करायचं, ते. शिकवणारे उस्ताद. आणि उस्ताद ज्याला धरून, वळवून, उचलून आपटून दाखवत, तो धप्पा. गादीवर पडताना येणाऱ्या आवाजावरून हे नाव पडलं आणि असं चिकटलं, की पगाराच्या खिडकीतला कारकूनसुद्धा "धप्पा, इथे सही" म्हणे. खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण ती कधी "अहो"च्या पुढे गेली नाही.

पडणं म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. हनुवटी छातीला, पाठीची कमान, श्वास बाहेर, आणि जमीन लागायच्या क्षणी हाताचा अख्खा पट्टा गादीवर सपकन. तो आवाज नीट आला, तर हाड शाबूत. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिला आठवडा हेच. कुणाला ठोसा नाही, कुणाला पकड नाही, नुसतं पडायचं. "पडायला आलं की मगच पाडायला शिकवेन," असं उस्ताद दटावत. रांगेतून फिरत धप्पा मुलांच्या हनुवट्या खाली दाबत असे.

ही विद्या त्याच्या अंगात इतकी मुरली, की डोक्याला विचारायची गरजच उरली नाही. लग्नाच्या दिवशी मोठ्या मेहुण्याने कौतुकाने त्याचा हात हातात घेतला आणि गमतीने जरासा पिरगळला. झालं! नवरदेव हवेतून खुर्च्यांच्या रांगेत. सासरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मुलाला फीट येते! लपवून ठेवलंत आमच्यापासून!" मुलीची आत्या ओरडली.

धप्पाला वडील नव्हते. वडिलांच्या जागी उस्ताद उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "फीट नाही हो बाई. नोकरी आहे."

तेव्हापासून नव्या नवरीला उस्ताद "सूनबाई" म्हणू लागले. पुढे उस्तादांची पत्नी गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हा दुपारचा डबा याच घरातून त्यांच्याकडे जायला लागला. सूनबाई देवाला नमस्कार करायची, डबा भरायची, आणि मग घरच्यांची पानं घ्यायची. हा क्रम आजारपणातही मोडला नाही.

प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी उस्ताद एक भाषण देत. धप्पाला ते पाठ होतं.

"आधी भाला होता," ते सुरू करत. "मग बंदूक आली. ती एकदा उडवली की भरायला वेळ लागायचा, तोवर समोरचा अंगावर यायचा. म्हणून बंदुकीच्याच तोंडाला पातं बसवलं. ती संगीन. मग मोठमोठ्या लढाया खंदकात झाल्या. अरुंद, चिखलाची जागा. तिथे संगीन लावलेली लांब बंदूक वळेना. मग माणसांनी काय केलं? फावड्याच्या कडा घासल्या, सोट्यांना खिळे ठोकले. कुणी शिकवलं नव्हतं, जीव जाताना सुचलं. जे वाचले त्यांना सरकारने विचारलं, बाबांनो, काय काय केलंत? तिथून हे शिकवायला सुरुवात झाली."

पुढचं धप्पाने अंगावर झेललं होतं. तो लागला तेव्हा गवताने भरलेल्या पोत्यांवर संगीन चालवायची आणि आरोळी ठोकायची, याचाच जोर. पोत्यांच्या मध्ये धप्पा पोत्यासारखा उभा असे. मग एक साहेब बाहेरदेशी शिकून आले. म्हणाले, आरोळ्या बंद, कुस्तीचे पेच हवेत. धप्पा पेचात पडला. दुसरे आले, म्हणाले, कुस्तीत जमिनीवर लोळत बसलात तर दुसरा शत्रू येऊन मारेल, उभ्याने सांधे वळवा. धप्पा उभ्याने पडला. तिसऱ्यांनी काठी आणली, चौथ्यांनी बंद खोलीत शिरायची तालीम. प्रत्येक जण येताना नवं पुस्तक आणी आणि जुनं सगळं चूक होतं म्हणे. साहेब बदलले, पुस्तकं बदलली, पडणारा तेवढा एकच राहिला.

या सगळ्यातून एक गोष्ट टिकली. उस्तादांचा वळसा. ती त्यांची स्वतःची. चाकूवाला हात पुढे आला, की बाजूला सरकायचं, त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरायचं, बाहेरच्या अंगाला वळवायचं आणि त्याच दिशेने आपण एक गिरकी घ्यायची. समोरचा उताणा, चाकू आपल्या हातात. साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम हा वळसा दाखवायला आणत. धप्पा असा काही उडायचा, की पाहुण्यांच्या तोंडून "वाहवा" निघायचं. उस्ताद निवृत्त झाले, धप्पाचीही पन्नाशी उलटली आणि गाद्या व लाकडी चाकू सांभाळायचं काम त्याच्याकडे आलं, तरी वळसा शिकवला जातच होता, आणि दाखवताना पडायला धप्पालाच बोलावत.

या वर्षीच्या तुकडीत धप्पाची लेक होती. शिकणं संपलं की तिची रवानगी दूरच्या चौकीवर. "बाबा, माझा वळसा सगळ्यांत साफ आहे," ती घरी येऊन सांगे, आणि धप्पाची छाती फुगे.

अशात एका चौकीवरून बातमी आली. केंद्रात शिकून गेलेल्या एका जवानावर रात्रीच्या पहाऱ्यात कुणीतरी चाकू घेऊन धावून आलं. जवानाने वळसा केला. तरीही त्याचा दंड कोपरापासून खांद्यापर्यंत फाटला. सोबतचा धावून आला म्हणून जीव वाचला.

धप्पा केळी घेऊन त्याला बघायला इस्पितळात गेला. मुलगा पट्ट्यांत गुंडाळलेला, पण तोंड हसरं.

"काका, मनगट बरोबर धरलं होतं. देवाशपथ सांगतो."

"मग?"

"वळवलं. गिरकी घेतली. आणि मग... मग मी वाट बघत राहिलो."

"कसली वाट?"

"त्याच्या पडण्याची!" मुलगा म्हणाला. "तुम्ही कसे, लगेच पडता. तो पडलाच नाही, काका. नुसता माझ्याबरोबर फिरला. मला काही सुचेचना. मनात म्हटलं, अरे हा पडत का नाही? तेवढ्यात त्याने चाकू दुसऱ्या हातात घेतला."

परत येताना धप्पाची बस चुकली. म्हणजे बस समोर येऊन उभी राहिली, दार उघडलं, मिटलं, निघूनही गेली, आणि हा फलाटावर आपलंच मनगट धरून उभा.

त्या दिवसापासून डोक्याचा पार भुगा. वळसा खरा की खोटा? खोटा म्हणावं, तर इतकी वर्षं तो पडला कसा? खरा म्हणावं, तर तो दुसरा पडला का नाही? उस्ताद पाडत होते, की आपण पडत होतो? सुरुवातीला तरी खरोखर पाडलं असेल ना? पण सुरुवातीलाही पहिला आठवडा पडायलाच शिकलो होतो. मग मनगटाला हात लागला की अंग सुटायचं, ते दुखतं म्हणून, घाबरून, की सवयीने? आंघोळ करताना तो आपलंच मनगट पिरगळून बघे. दुखायचं. पण दुखलं म्हणजे पडायलाच हवं का? मोरीत उभा राहून तो यावर इतका विचार करी, की बाहेरून बायको म्हणे, "अहो, पाणी संपलं का तुम्ही संपलात?"

केंद्रात नव्या प्रमुख आल्या होत्या. मॅडम. त्याच मैदानावर, त्याच गाद्यांवर शिकलेल्या. त्यांनी धप्पाला खोलीत बोलावलं. टेबलावर नव्या अभ्यासक्रमाची फाइल.

"धप्पाकाका, बसा. एकच विचारते. वळसा ठेवू की काढू?"

"मला काय कळतंय, मॅडम. उस्तादांना विचारा."

"उस्ताद ठेवाच म्हणणार. पोटच्या पोरासारखा आहे तो त्यांना. तुम्ही सांगा. सगळ्यांत जास्त वेळा तुम्हीच पडलात."

"म्हणून तर कळत नाही."

मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "तुमची मुलगी या तुकडीबरोबर जातेय. तिच्या हाती हे द्यायचं की नाही, एवढं सांगा. बाप म्हणून सांगा."

धप्पाला इकडे आड, तिकडे विहीर. वडिलांच्या जागी उभा राहिलेला माणूस एकीकडे, पोटची पोर दुसरीकडे. आणि त्याहून वाईट हे, की कुणाची बाजू घ्यावी म्हटलं तर खरं काय तेच त्याला ठाऊक नव्हतं. खोटं बोलायलासुद्धा आधी खरं माहीत असावं लागतं.

"एकदा करून बघू," तो शेवटी म्हणाला. "उस्तादांना बोलवा. त्यांनी मला धरावं. मी पडणार नाही. सगळा जोर लावून उभा राहीन. त्यातूनही पडलो, तर वळसा खरा."

ठरल्या सकाळी उस्ताद आले. गुडघे गेलेले, म्हणून सूनबाईच्या खांद्यावर हात ठेवून. तिने त्यांना बाकावर बसवलं, डबा शेजारी ठेवला आणि कोपऱ्यात ओठांतल्या ओठांत नामस्मरण करत बसली. लेक तुकडीबरोबर गादीच्या कडेला उभी.

"काय रे धप्पा," उस्ताद म्हणाले, "माझी परीक्षा घेतोस?"

"माझीच आहे, उस्ताद."

"पडणार नाहीस म्हणे?"

"नाही."

"बघू!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली. गुडघे विसरून ते गादीवर चढले.

धप्पाने लाकडी चाकू घेतला. पाय रोवले. दात आवळले. मनातल्या मनात म्हणाला, देवा, आज मला खांब कर. आणि हात पुढे केला. उस्तादांची बोटं मनगटावर टेकली.

सपकन!

धप्पा छताकडे बघत होता. हनुवटी छातीला, पाठीची कमान, हाताचा पट्टा गादीवर. इतकं देखणं पडणं त्याच्याकडून कैक वर्षांत झालं नव्हतं.

मुलांनी टाळ्या पिटल्या. उस्ताद कमरेवर हात ठेवून धापा टाकत हसत होते. "लिहा मॅडम! लिहा! ठेवायचा वळसा!"

मॅडमनी पेन उचललंच नाही. "काका, जोर लावला होतात?"

"लावला होता." धप्पा बसता झाला. "म्हणजे लावणार होतो. लावायच्या आधीच मी खाली होतो."

"म्हणजे खरा की खोटा?"

"मला माहीत नाही!" धप्पा रडकुंडीला आला. "खरंच माहीत नाही हो. त्यांनी पाडलं की मी पडलो, माझं मलाच कळलं नाही."

"दुसरा कुणी उभा करा," उस्ताद म्हणाले. तुकडीतला एक धिप्पाड मुलगा पुढे आला, आणि तोही सपकन पडला. दुसरा आला, तोही पडला. मॅडम स्वतः गादीवर आल्या. म्हणाल्या, मी नाही पडणार. उस्तादांनी वळवलं, आणि केंद्राच्या प्रमुख हनुवटी छातीला लावून व्यवस्थित पडल्या. उठून त्या आपल्याच हाताकडे बघत राहिल्या.

तेव्हा कुठे धप्पाच्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे अगदी मिणमिणता.

"मॅडम, इथे कुणाला विचारून उपयोग नाही. आपण सगळे पहिल्या आठवड्यात पडायला शिकलेले. वळसा आजवर न शिकलेल्या माणसावर कुणी करूनच बघितला नाही. न शिकलेला माणूस इथे आहेच कोण?"

सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. आणि मग सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या बाकावर गेले.

"मी?" बायको म्हणाली. "मला वेड लागलंय का? मी डबा द्यायला आलेय."

"आई, ये ना गं," लेक म्हणाली. "पडलीस तर गादी आहे."

"तू गप बस. घरी ये मग सांगते."

पण उस्तादांनीच हात जोडले. "सूनबाई, या. माझ्यासाठी या."

त्यांना तिने नाही म्हणणं शक्य नव्हतं. पदर खोचून ती गादीवर चढली. मॅडमनी लाकडी चाकू दिला, तर तिने तो भाजी चिरायला धरावा तसा धरला.

"असा नाही. उस्तादांना मारायला आल्यासारखा."

"उस्तादांना? मी? शिव शिव! हात झडेल माझा."

"बरं, मारू नका. एवढंच करा, चाकू कुणाला द्यायचा नाही. काहीही झालं तरी."

"हां, ते जमेल. घरात तेच करते. पोरीच्या हातातून किती वेळा काढून घेतलाय."

उस्तादांनी तिचं मनगट धरलं. बेताने नव्हे, नीट धरलं, धप्पाला ते दिसलं. बाहेर वळवलं. गिरकी घेतली.

"आई गं! दुखतंय हो!" ती कळवळली, आणि ज्या बाजूला दुखणं ओढत होतं त्या बाजूला चार पावलं चालत गेली, उस्तादांच्या भोवतीने. भिंतीला हात टेकावा तसा दुसरा हात त्यांच्या पाठीला टेकला. चाकू तिच्या मुठीत तसाच.

उस्ताद वळलेल्या अवस्थेत थांबले. वाट बघू लागले. इस्पितळातला मुलगा थांबला असेल तसेच.

तिनेही जरा वेळ वाट बघितली. मग हळूच विचारलं, "पडायचं असतं का आता?"

कुणीच हसलं नाही.

उस्तादांनी हात सोडला. धप्पा पुढे झाला. "उस्ताद, तुमचं वय झालंय. ताकद कमी पडली असेल. मी करून बघतो." आणि मनगट धरायला त्याने हात पुढे केले, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की वळसा करायचा कसा हे त्याला येतच नाही. जन्मभर तो पलीकडच्या टोकाला होता. डावा हात वर की उजवा? तो घोटाळत उभा राहिला. शेवटी लेक आली. तरुण, तयारीची, तुकडीत सगळ्यांत साफ. तिने आईचं मनगट धरून झटकन वळवलं. आई ओरडली, फिरली, आणि मोकळ्या हाताने तिने लेकीच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

"कार्टे, हात मोडशील!"

लेक तिथेच उभी राहिली. तो धपाटा कुठे बसला ते तिला कळलं होतं, आणि त्या हातात चाकू असता तर, हेही.

मॅडमनी फाइल उघडली आणि एक ओळ खोडली. खोडताना उस्तादांकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "उद्यापासून स्वयंपाकी, न्हावी, माळी, सगळ्यांना गादीवर बोलवायचं. पडायला न शिकलेले. प्रत्येक पकड आधी त्यांच्यावर."

उस्ताद बाकावर बसले. पाणी प्यायले. डबा तसाच राहिला.

"धप्पा," ते म्हणाले, "मी मुद्दाम नाही रे फसवलं."

"मी पण नाही, उस्ताद."

"मग फसवलं कुणी?"

धप्पाने खूप विचार केला. आपण इतकं छान पडलो नसतो, तर उस्तादांना केव्हाच कळलं नसतं का? उस्तादांनी इतकं छान शिकवलं नसतं, तर आपण पडलो असतो का? धागा कुठून सुरू झाला तेच सापडेना. "काय माहीत," तो म्हणाला. आणि त्याने डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

संध्याकाळी घरी बायको मनगटाला तेल चोळत होती. लेक दारातच उभी राहिली.

"बाबा, वळसा गेला. मग चाकूवाला आला तर मी काय करू?"

"पळ."

"आणि मागे भिंत असली तर?"

इतके साहेब, इतकी पुस्तकं, भाल्यापासूनचं सगळं भाषण तोंडपाठ, आणि पोरीच्या एका प्रश्नाला उत्तर नाही. धप्पा उठला. बैठकीतलं टेबल त्याने भिंतीला सरकवलं, खुर्च्या आत नेल्या. लाटणं आणलं.

"हा चाकू. मी येतो. तुला सुचेल ते कर. मी पडणार नाही."

तो आला. लेकीने हात धरला मात्र, धप्पा जमिनीवर. गादी नव्हती, तरी हाताचा पट्टा बरोबर बसला.

"बाबा! पडू नका ना!"

"चुकलो. पुन्हा."

पुन्हा हात धरला. पुन्हा सपकन. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने छताला झाडू ठोकला.

"अहो, धड पडताय कसले! जरा वेडंवाकडं उभं राहून बघा," बायको तेलाची वाटी घेऊन ओरडली. "माझ्याकडे बघा, मी कसं केलं? दुखलं की ओरडायचं आणि दुखेल तिकडे चालायचं!"

तिसऱ्यांदा लेकीने धरलं. अंग सुटायला लागलं. पाठीची कमान व्हायला लागली. धप्पाने डोळे मिटले, आणि बायकोने सांगितलं होतं तसं, जिवाच्या आकांताने ओरडला, "आई गं!" गुडघा टेकला. पण पाठ टेकली नाही.

तो वाकडातिकडा, एका गुडघ्यावर, लाटणं मुठीत घट्ट धरून होता. डोळे उघडले तर समोर लेकीचा चेहरा, गोंधळलेला, घाबरलेला.

"आता?" तिने विचारलं. "बाबा, आता काय करू?"

"काय माहीत," धापा टाकत धप्पा म्हणाला. "हात सोडू नकोस. वाट बघू नकोस. करून बघ काहीतरी."